भाईंचे डबे

मी कविता लिहितो आणि पोटासाठी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. विजेच्या वस्तूंशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. फ्यूज उडाला तरी शेजारच्या मुलाला हाक मारणारा मी माणूस. तरीही आज रेझिस्टन्स, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर यांच्याविषयी बोलणार आहे. हे सगळं मी एक चूक निस्तरताना शिकलो, म्हणून आधी त्या चुकीबद्दल सांगतो.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाई म्हणत असू, मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत. दुकान कसलं, दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं पायरीवर उभं राहावं एवढी जागा. त्या काळी आपल्याकडे सेटलाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायची पद्धत होती. शेतकरी, हमाल, शाळामास्तर आपापले ट्रान्झिस्टर कापडी पिशवीतून आणत. भाई मागचं झाकण उघडत आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला बोट लावत. स्पीकर ‘भुर्र’ असा बोलला तर म्हणत, ‘पुढचं घर शाबूत आहे, चोर मागच्या घरात.’ निम्मी दुरुस्ती त्या बोटानंच व्हायची. पुढे टेपरेकॉर्डर आले, टीव्ही आले, मग मोबाइल आले, आणि रेडिओ दुरुस्त करून घेणारी माणसंच उरली नाहीत. दुकान बंद झालं आणि त्यातलं सामान घराच्या माडीवर येऊन पडलं.

सामान म्हणजे डबे. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, फोटोच्या रोळाच्या काळ्या डब्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, काडेपेट्या, पेढ्यांचे खोके. प्रत्येकावर भाईंच्या अक्षरातली चिठ्ठी. भाई सातवीपर्यंत शिकलेले, पण अक्षर असं की आमच्या कचेरीतल्या शिरस्तेदारानं हेवा करावा.

भाईंचा मुलगा, माझा पुतण्या, कॉलेजात असताना गिटार वाजवायला लागला. मिरजेत वाद्याचं कुणाला वावडं नाही. आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर सतारी-तंबोरे घडवणारी घरं आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. भाईंचा राग गिटारीवर नव्हताच, तिच्या आवाजावर होता. पोरगं गिटार एका पत्र्याच्या पेटीला जोडायचं, पेटीवरचं बटण पायानं दाबायचं, आणि स्पीकरमधून असा खरखरता, फाटलेला सूर निघायचा की खालच्या मजल्यावर भांडी थरथरायची. एकदा जेवताना भाई म्हणाले, ‘जी खरखर काढायला लोकांनी मला चाळीस वर्षं पैसे दिले, ती तू पैसे देऊन विकत आणतोस?’ पोरगा पानावरून उठला. पुढे पुण्याला नोकरीला लागला. येत-जात राहिला, पण बापलेकांत बोलण्यासारखं फार उरलं नाही. २०२१ मध्ये भाई गेले.

दुसऱ्या वर्षी ईदच्या आधी माडी साफ करायची टूम निघाली. भाभींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, म्हणून काम माझ्याकडे आलं. उंदरांनी पेढ्यांचे खोके कुरतडले होते, चिठ्ठ्यांना कसर लागली होती. मी काय केलं, तर सगळे खोके, पाकिटं, काडेपेट्या लोणच्याच्या दोन मोठ्या बरण्यांत रिकाम्या केल्या. एका पाकिटात टोपीसारखे चकचकीत धातूचे छोटे दाणे होते, तीन-तीन पायांचे. ते दोन-दोन करून पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेले. दोरे मळले होते, म्हणून मी ब्लेडनं कापून टाकले. वाटलं, किती नेटकं काम केलं! बरण्या पुसून फळीवर ठेवल्या आणि शिरखुर्मा खायला खाली आलो.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आला. आता तो पेट्या विकत घेत नव्हता, स्वतः बनवत होता. मला म्हणाला, ‘चाचा, अब्बांकडे एसी १२८ असतील. जुने, जर्मेनियमचे. पाकिटावर त्यांनी आकडे लिहिलेले असायचे. ते कुठंय?’

मी बरण्या दाखवल्या. तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘जोड्या होत्या का?’ मी म्हटलं, ‘हो, दोऱ्यानं बांधलेल्या. मीच कापले.’

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री त्यानं मला समजावून सांगितलं. जुन्या ट्रान्झिस्टर सेटमध्ये स्पीकरला जोर देणारे दोन एसी १२८ असतात. एक लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. दोघांची ताकद सारखी नसेल तर आवाज लंगडतो. म्हणून भाई फावल्या वेळात एकेक दाणा मोजत आणि सारख्या ताकदीचे दोन दोऱ्यानं बांधून ठेवत. म्हणजे मी जे कापलं ते भाईंचं कित्येक दुपारींचं काम होतं. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानं १९६२ पासून जर्मेनियमचे असे भाग बनवायला घेतले. आमच्या बरणीतल्या बऱ्याच दाण्यांवर त्याचीच ‘बीईएल’ ही अक्षरं होती. आता जर्मेनियमचा जमाना गेला, सगळीकडे सिलिकॉन आलं. पण गिटारवाले जगभर हेच जुने दाणे शोधत असतात.

का शोधतात, त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६० साली अमेरिकेत नॅशव्हिल इथं मार्टी रॉबिन्स या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. मिश्रणाच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि वाद्याचा सूर फाटून आला. फाटलेला सूर त्यांनी तसाच ठेवला आणि गाणं गाजलं. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानं तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट तयार केलं, आणि १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावानं पेटीत घालून बाजारात आलं. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये तोच आवाज वाजला आणि मागणी भडकली. १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीनं ‘फझ फेस’ काढला, गोल थाळीसारखा. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तो हाच. म्हणजे भाईंचं म्हणणं खरंच होतं. या धंद्याचा जन्मच बिघडलेल्या यंत्रातून झाला. पण आमच्या मिरजेतले कारागीर सतारीच्या घोडीला कानस मारून जवारी काढतात, तेव्हा तरी दुसरं काय करतात? तार घोडीला किंचित घासत राहिली पाहिजे, तरच सूर झणझणतो. हे मला तेव्हा सुचलं असतं तर जेवताना भाईंना सांगितलं असतं. कवीला योग्य शब्द नेहमी दोन वर्षं उशिरा सुचतो.

पुतण्याला बनवायचा होता तो फझ फेसच. सर्किट इतकं लहान की आगपेटीवर मावावं: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन गोल फिरवायची बटणं आणि नऊ व्होल्टची बॅटरी. इतक्या कमी भागांचं असल्यामुळेच प्रत्येक भाग मनासारखा लागतो. पहिल्या ट्रान्झिस्टरची ताकद सत्तरच्या आसपास, दुसऱ्याची शंभर ते सव्वाशे. आणि आमच्याकडे होती लोणच्याची बरणी.

मी म्हटलं, ‘मी निवडून देतो.’ कचेरीतून चार दिवसांची रजा टाकली.

आधी रेझिस्टन्स. त्यांच्या अंगावर आकडे नसतात, रंगाचे पट्टे असतात: काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, करडा आठ, पांढरा नऊ. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पट्टा पुढची शून्यं. पिवळा-जांभळा-तांबडा म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४७०० ओहम. तांबडा आणि नारिंगी रात्रीच्या दिव्यात सारखेच दिसतात, आणि तिथं चूक झाली तर दहापट होते. म्हणून निवडायचं काम दिवसा, खिडकीपाशी, आणि शंका आली की मीटर लावायचा. मला आणखी एक कोडं पडलं होतं. या वस्तू १०, २०, ३० अशा का नाहीत? १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२ असे विचित्र आकडे का? पुतण्यानं सांगितलं, जुन्या रेझिस्टन्समध्ये दहा टक्के इकडंतिकडं चालायचं. म्हणून प्रत्येक पायरी आधीच्या साधारण सव्वापट ठेवली की एकाची हद्द संपते तिथं दुसऱ्याची सुरू होते. शेताचे बांध एकमेकांना लागून असावेत तसं. मला हे गणित फार आवडलं.

दोन दिवसांत तीस-एक ढीग झाले. ते ठेवायचे कशात, यावर आमचा वाद झाला. मला वाटे, एकेका पेटीचं सामान एकेका पाकिटात भरावं. पुतण्या म्हणाला, ‘चाचा, तसं केलं की चाळीस पाकिटांत तोच दहा हजारांचा रेझिस्टन्स पडून राहतो आणि हवा तेव्हा मिळत नाही. रोजचं सामान किमतीप्रमाणे लावायचं. एखाद्याच सर्किटला लागतं ते दुर्मीळ सामान तेवढं पाकिटात.’ त्याचं बरोबर होतं. स्वयंपाकघरातही मोहरी-हळद मिसळणाच्या डब्यात असते, प्रत्येक भाजीच्या नावानं वेगळी हळद कुणी ठेवत नाही. पेट्यांच्या धंद्यात रोज लागणारे रेझिस्टन्स जेमतेम पंधरा-वीस, १, २.२, ४.७, १० या उतरंडीतलेच बहुतेक. ते सोनाराकडं मिळतात तसल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातले आणि चढत्या क्रमानं लावले. कंडेन्सरांचं नाव नका काढू. त्यांच्यावर ‘१०४’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ एकशे चार नाही. दहावर चार शून्यं, एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच शंभर नॅनो, म्हणजेच शून्य दशांश एक मायक्रो. एकाच माणसाची ही तीन नावं. जुने इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे नळकांड्यासारखे, सरळ फेकून दिले. ते आतून सुकतात, वयाबरोबर निकामी होतात. फेकताना हात अडखळला, पण पुतण्या म्हणाला, ‘अब्बांनीही फेकले असते.’

आता ते दाणे. मोजले तर एकूण ४६ भरले. जर्मेनियम मोजणं सोपं नाही, कारण त्यातून वीज गळते. साधा मीटर गळतीलाही ताकद समजतो आणि खोटा आकडा दाखवतो. पुतण्यानं एक छोटी पाटी करून दिली. नऊ व्होल्टची बॅटरी, एका पायाशी २२०० आणि २७० असे दोन रेझिस्टन्स एकापुढे एक, दुसऱ्या पायाशी बावीस लाखांचा एक, त्याला मध्ये बटण. बटण न दाबता मीटर काय दाखवतो ती गळती. दाबल्यावर काय दाखवतो ते लिहायचं, पहिलं वजा करायचं, शंभरनं गुणायचं. गळती ०.२२, दाबल्यावर १.०५, वजाबाकी ०.८३, ताकद ८३. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळला तो बाद.

यात एक मेख आहे. दाणा बोटात धरला की अंगाच्या उबेनं गळती वाढते. पाटीत खोचून बाजूला सरकायचं, आकडा हळूहळू उतरू द्यायचा, स्थिरावला की लिहायचं. एका दाण्याला पाच मिनिटं. माडीवर बसून मी एकेका दाण्याच्या थंड होण्याची वाट बघायचो. भाई दुकानात दुपारी असेच निवांत बसलेले असत आणि मला वाटे, गिऱ्हाईक नाही म्हणून बसलेत.

४६ पैकी नऊ मेलेले, वीस गळके. सतरा कामाचे. ते होमिओपॅथीच्या बाटल्यांत एकेक घातले, बाटलीवर क्रमांक, आणि क्रमांकासमोर ताकद व गळती. त्यासाठी मी कचेरीतल्यासारखं साठा रजिस्टर घातलं: वस्तू, आवक, जावक, शिल्लक, शेरा. ‘किंमत’ असा रकाना आखला तेव्हा पुतण्या हसला. या धंद्यात किंमत म्हणजे ओहम. रुपये शेवटच्या रकान्यात. शिल्लक अमुकपेक्षा खाली गेली की तांबडी खूण करायची आणि ते पुढच्या खरेदीच्या यादीत चढवायचं. इतकी वर्षं रजिस्टरं लिहिली, पण इतक्या आवडीनं एकही लिहिलं नव्हतं.

यादी करणं हीही एक विद्या आहे. नवखा माणूस सर्किटात आहे तेवढंच मागवतो आणि एका सव्वा रुपयाच्या वस्तूसाठी पुन्हा टपालखर्च भरतो. आमचंही तेच झालं. सगळं आलं, ८२०० चा रेझिस्टन्स राहिला. शेवटी ६८०० आणि १५०० एकापुढे एक जोडून ८३०० वर भागवलं. तेव्हापासून नियम असा: रेझिस्टन्स शंभराच्या पट्टीनं, कंडेन्सर दहा-दहा, आयसी एक जास्त. फिरवायच्या बटणांबाबत फक्त आकडा लिहून भागत नाही. अक्षर ‘ए’ की ‘बी’ ते लिहावं लागतं. आवाजाच्या बटणाला ‘ए’, नाहीतर थोडंसं फिरवताच सगळा आवाज अंगावर येतो. दांडा गुळगुळीत की दातेरी, तेही. नाहीतर वरची टोपी बसत नाही. आणि पायानं दाबायचा नऊ पायांचा स्विच नेहमी दोन घ्यावा, कारण सोल्डर करताना जास्त तापला की आतून वितळतो. हे वाक्य मी अनुभवानं लिहिलं आहे. तो स्विच मी तापवला होता.

घरबसल्या मागवण्यात फसगतही होते. एकानं आम्हाला दुर्मीळ ट्रान्झिस्टर म्हणून दहा नग पाठवले. पुतण्यानं मोजले तर भलतेच निघाले. मूळ अक्षरं घासून वर नवा नंबर छापलेला. म्हणून आम्ही रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरून मुंबईला गेलो, दादरला उतरलो, लोकलनं ग्रँट रोड आणि पूर्वेला बाहेर पडून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण दुकानदार अजून जुनंच नाव घेतात. भाई वर्षातून दोनदा इथं येत. मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो. एका काउंटरवर पुतण्यानं ४५५८ ही आयसी मागितली. बास-ट्रेबलच्या पाटीत असते तीच ही. ‘ट्यूब स्क्रीमर’ या जगप्रसिद्ध पेटीतही हीच. दुसऱ्या ठिकाणी पीटी २३९९ मिळाली, लग्नाच्या मंडपातल्या माइकला जी प्रतिध्वनी देते. गिटारवाले तिचाच डिले बनवतात. म्हणजे ज्याला पोरं परदेशी जादू समजतात ती आपल्या मंडपवाल्याकडं आधीपासून होती. दुकानदार यादी वाचून म्हणाला, ‘कितना पीस? रिपेअरिंग का दुकान है क्या?’ पुतण्या म्हणाला, ‘हां, मिरज में. वालिद का.’

मी दुसरीकडं बघितलं.

पेटी जानेवारीत तयार झाली. बाटली क्रमांक चार आणि अकरा. ताकद ७४ आणि ११२. या सर्किटात बॅटरीचा अधिक टोकाचा पाय जमिनीला जोडलेला असतो, म्हणून बाकीच्या पेट्यांबरोबर एका अडॅप्टरवर ती चालत नाही. तिला तिची स्वतंत्र बॅटरी. पुतण्यानं माडीवर गिटार जोडली, बटण दाबलं आणि एकच स्वर लांब ओढला. खालून भाभींचा आवाज आला, ‘काय रे, रेडिओ बिघडला का?’ मग थोडा वेळ शांतता, आणि मग, ‘बंद नको करू. वाजू दे.’

मे महिन्यात तीच पेटी रुसली. मिरजेचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. जर्मेनियम तापलं, गळती वाढली, आवाज चिरकून तुटायला लागला. पुतण्यानं पेटी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून वाजवली. आता उन्हाळ्यासाठी सिलिकॉनची एक वेगळी बनवायची आहे. मित्रांनीही दोन सांगितल्या आहेत, आणि त्यांना तो भाईंच्या सतरांतलेच दाणे द्यायला निघाला होता. मी म्हटलं, रजिस्टरला शिल्लक पंधरा आहे, जावक करण्यापूर्वी विचार कर. तो म्हणाला, ‘चाचा, अब्बांनी विकण्यासाठीच ठेवले होते.’ यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

काल त्याची यादी आली. ‘ए’ शंभर हजारांची चार बटणं, नऊ पायांचे चार स्विच, ॲल्युमिनियमच्या तीन पेट्या, आणि ८२०० चे रेझिस्टन्स, खाली दोन रेघा मारून. रविवारी लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून मी शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलं आहे.